फ्रिज दुरुस्ती: नळीच्या बाहेरचं आपलं, आतलं जाणकाराचं

फ्रिज गार करेनासा झाला की घरोघरी निदान एकच: "गॅस संपला असणार." मेकॅनिकही पुष्कळदा तेच सांगतो, कारण ते ऐकायची आपली तयारी आधीच झालेली असते. गॅस भरला जातो, पैसे मोजले जातात, फ्रिज काही महिने चालतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच रडगाणं. मुळात फ्रिजमधला गॅस ही संपणारी वस्तूच नाही. तो शेगडीतल्यासारखा जळत नाही, बंद नळीत गोल गोल फिरत राहतो. वीस वर्षं धडधाकट चाललेल्या फ्रिजमध्ये कारखान्यात भरलेला पहिलाच गॅस असतो. तो कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी भोक पडलंय, आणि ते भोक न शोधता गॅस भरला तर नवा गॅसही त्याच वाटेने जाणार.

फ्रिजच्या कामात स्वतः कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हे ठरवायला मी एकच रेघ धरतो: त्या नळीची भिंत. नळीच्या बाहेर जे आहे, म्हणजे हवा, पाणी, बर्फ, दाराचं रबर, वायर, पिन, रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा स्विच), तिथे काळजी घेतली तर घरातला माणूस बरंच काही करू शकतो. नळीच्या आत हौसेला जागा नाही. आणि बऱ्याचशा तक्रारी निघतात त्या नळीच्या बाहेरच.

आत काय चालतं

माठाच्या अंगावर पाझरलेलं पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्यातली उष्णता सोबत नेतं, म्हणून माठ गार. फ्रिजचंही तत्त्व तेच, फक्त माठाची वाफ हवेत निघून जाते आणि फ्रिज ती वाफ पकडून पुन्हा द्रव करतो. हे पकडायचं काम मागे तळाशी बसवलेल्या काळ्या गोळ्याचं, म्हणजे कॉम्प्रेसरचं. तो थंड, विरळ वायू ओढून घेतो आणि दाबतो. दाबल्यामुळे वायू तापतो. तापलेला वायू कंडेन्सरच्या नळीतून जाताना उष्णता खोलीत सोडतो आणि द्रव होतो. पुढे ओलावा शोषणारा फिल्टर, आणि त्यापुढे कॅपिलरी: एक मिलिमीटरपेक्षाही बारीक भोकाची, काही मीटर लांब तांब्याची नळी. एवढ्या अरुंद वाटेतून पलीकडे गेल्यावर दाब एकदम पडतो, द्रव उकळू लागतो आणि फ्रीझरमधली उष्णता खेचून घेतो. मग वायू परत कॉम्प्रेसरकडे. बस, एवढंच.

जुन्या फ्रिजच्या पाठीवर काळी जाळी दिसायची, तोच कंडेन्सर. आताच्या बऱ्याच फ्रिजमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. नवा फ्रिज घरी आला की "बाजू तापतेय, परत पाठवा" असे फोन जातात, पण ते तापणं म्हणजे फ्रिज काम करतोय याची खूण. कित्येक मॉडेलांत दाराच्या चौकटीतूनही गरम नळी फिरवलेली असते, पावसाळ्यात तिथे दव धरू नये म्हणून. यातून निघणारा नियम सोपा आहे: फ्रिजच्या अंगात स्क्रू, खिळा, ड्रिल काहीही शिरता कामा नये. मसाल्याचा रॅक किंवा टॉवेलची दांडी लावायची तर चिकटपट्टीवर किंवा चुंबकावर लावा. पत्र्याआडची नळी फुटली तर ती फोममध्ये गाडलेली असते आणि उकरून काढता येत नाही.

कोणता गॅस, हे आधी बघा

फ्रिजच्या आत, किंवा मागे कॉम्प्रेसरजवळ, एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. दुरुस्तीची भाषा सुरू करण्याआधी तो वाचा.

फार जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. तो पेटत नाही, पण वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगाने तो हळूहळू बंद केला; आपल्याकडे २०१०पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटींच्या घरात आहे. म्हणून आता बहुतेक घरगुती फ्रिज आर-६००ए वर चालतात. हा साधा आयसोब्युटेन. जर्मनीत १९९३च्या सुमारास ग्रीनपीसच्या पुढाकाराने हायड्रोकार्बनवर चालणारे फ्रिज बाजारात आले, तिथून हे लोण जगभर पसरलं. पर्यावरणाच्या दृष्टीने तो फारच सालस आहे. अडचण एकच: तो पेटतो. स्टिकरवर पिवळ्या त्रिकोणात ज्योत काढलेली असते ती त्याचीच.

आयसोब्युटेन हा आपल्या सिलिंडरमधल्या एलपीजीच्याच कुळातला. फरक असा की एलपीजीला मुद्दाम घाण वास लावलेला असतो, गळती कळावी म्हणून. फ्रिजमधल्या गॅसला तसा वास नसतो. तो गळला तर नाकाला पत्ता लागणार नाही.

मग घरात बॉम्ब ठेवलाय की काय? थोडा हिशेब करू. घरगुती फ्रिजमध्ये हा गॅस साधारण तीस ते साठ ग्रॅम असतो; चाळीस धरू. चाळीस ग्रॅम आयसोब्युटेन मोकळा सुटला तर त्याचा वायू होतो सुमारे सतरा लिटर. हवेत त्याचं प्रमाण १.८ टक्क्यांपासून साधारण ८.५ टक्क्यांपर्यंत असेल तरच मिश्रण पेटतं. आता आठ बाय दहाचं, नऊ फूट उंच स्वयंपाकघर घ्या. त्यात हवा असते वीस हजार लिटर. सतरा लिटर गॅस त्यात नीट मिसळला तर प्रमाण होतं एक दशांश टक्क्याहूनही कमी. तिथे काही होत नाही.

पण तोच गॅस दोनशे लिटरच्या बंद फ्रिजच्या आत गळला तर? सगळा गळला तर प्रमाण साडेआठ टक्के, अर्धा गळला तर सव्वाचार. म्हणजे नेमकं पेटण्याच्या टप्प्यात. धोका खोलीत नाही, बंद दाराआड आहे. हा गॅस हवेच्या दुप्पट जड असल्याने तळाशी साचतो, तेही लक्षात ठेवा: कॉम्प्रेसरचा कोनाडा, ओट्याखालची बंद जागा.

कारखान्याला हे माहीत असतं. म्हणून आर-६००ए च्या फ्रिजमधला थर्मोस्टॅट, दिव्याचा स्विच, पंखा हे सगळं ठिणगी गॅसपर्यंत पोचणार नाही अशा बनावटीचं असतं. याच कारणाने "थर्मोस्टॅट काय, कुठलाही चालतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नये. आणि जुन्या आर-१३४ए च्या फ्रिजमध्ये "हा स्वस्त पडतो" म्हणून आर-६००ए भरणं, किंवा त्याहून वाईट म्हणजे थेट एलपीजी भरणं, तर अजिबात नको. फ्रिज गारही करेल कदाचित, पण आतले स्विच त्या गॅससाठी बनवलेलेच नाहीत, आणि कॉम्प्रेसरही त्या गॅसचा नाही.

बर्फ काढायला सुरी का वापरू नये, हेही इथेच कळतं. साध्या, एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरची भिंत म्हणजेच ॲल्युमिनियमची दुपदरी पातळ पाटी असते, आणि दोन पदरांमधूनच गॅस वाहतो. मटारची पिशवी बर्फात रुतलेली, पाहुणे दारात, हातात सुरी. एक टोक घुसतं, फुस्स आवाज होतो. तसं झालं तर दार लावू नका. दार उघडंच ठेवा, खिडक्या उघडा, शेगडी आणि देव्हाऱ्यातली समई बंद करा. फ्रिजचा प्लग तिथेच ओढू नका, स्विचलाही हात लावू नका, कारण ठिणगी तिथेच पडते. बाहेरच्या खोलीतल्या डीबीमधून, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीतून, स्वयंपाकघराचा एमसीबी (मेन स्विच) पाडा. अर्धा-पाऊण तास वारा खेळू द्या, मगच पुढचं बघा.

आपल्या हातातली कामं

कुठलंही काम सुरू करण्याआधी पिन सॉकेटमधून बाहेर काढून डोळ्यांसमोर ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले असतात. मग बटण बंद असलं तरी फ्रिजपर्यंत फेज आलेलाच असतो.

इन्व्हर्टर फ्रिज (ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो) असेल तर आणखी एक पथ्य. त्याच्या सर्किट बोर्डवर २३० व्होल्टची वीज डीसीत बदलून सुमारे ३२५ व्होल्टवर कपॅसिटरमध्ये साठवलेली असते. पिन काढल्यावरही ती काही वेळ तशीच राहू शकते. मीटर लावून शून्य दिसेपर्यंत बोर्डाला बोट लावायचं नाही. मीटर वापरता येत नसेल तर तो बोर्ड तुमच्या यादीतून वगळा.

आता अर्थिंग. फ्रिजच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या येतात, मग घरातले चपला घालून फ्रिज उघडतात किंवा समोर रबरी पायपुसणं टाकतात. हे दुखणं झाकणं झालं. झिणझिण्या येतात म्हणजे पत्र्यावर वीज येतेय आणि तिला जमिनीत जायला वाट नाही. तीन पिनांतली मोठी पिन ती वाट असते. दोन तारांच्या एक्स्टेन्शनवर फ्रिज लावला, किंवा मोठी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवला, की वाट बंद. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून ओलं भांडं आत ठेवताना हीच वीज जीव घेऊ शकते. मल्टिमीटरने सॉकेट तपासा: फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम एखाद-दोन व्होल्ट दिसायला हवेत. जुन्या वाड्यात किंवा चाळीत अर्थची तारच नसते. मग कुणीतरी हुशार माणूस अर्थच्या टोकाला न्यूट्रल जोडून देतो. ते तत्काळ तोडायला लावा, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर फ्रिजच्या अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. नीट अर्थिंग आणि जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), एवढं फ्रिजआधी करून घ्या. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

पिन तापत असेल, सॉकेटपाशी जळका वास येत असेल, तर "आज रात्र काढू" म्हणू नका. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ला ७२ माणसं गेली. आग एवढी पसरली ती इमारतीच्या बाहेरच्या आच्छादनामुळे, पण सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधल्या फ्रिजच्या विजेच्या बिघाडातून झाली, असं चौकशीत निघालं. फ्रिजच्या भिंतींमधला फोम पेटला की आवरत नाही.

साफसफाईचं फार सांगायला नको, तरी तीन जागा आपण विसरतो. पहिली म्हणजे पाठीमागची जाळी आणि कॉम्प्रेसरचा कोनाडा. तिथे धुळीची गोधडी साचली की उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर पुरतो, पाण्याचा फवारा नको. फ्रिजच्या मागे आणि बाजूंना कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडा. स्टिकरवर हवामानाचा वर्गही लिहिलेला असतो. त्यातला 'टी' म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा त्याच्याही वर जातो, तेव्हा भिंतीला खेटलेला, धुळीने माखलेला फ्रिज दमला तर नवल नाही.

दुसरी जागा कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे. बर्फ वितळून आलेलं पाणी तिथे जमतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं, असा बेत. पावसाळ्यात ते उडत नाही आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्यात खुशाल अंडी घालतो. महापालिकेचे कर्मचारी घरी येऊन फ्रिजमागे डोकावतात ते यासाठीच. ट्रे निघत असेल तर आठवड्यातून एकदा पिन काढून रिकामा करा आणि पुसा. निघत नसेल तर कापडाने पाणी टिपून घ्या.

तिसरी, भाजीच्या ट्रेवर मागच्या भिंतीत असलेलं पाणी जायचं भोक. कोथिंबिरीचं एक पान पुरतं ते तुंबायला. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यावरच मिटते: सुई काढलेल्या सिरिंजने कोमट पाणी सोडा. टोकदार तार खुपसू नका.

दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसा, घड्यांमधली बुरशी काढा. दारात कागद अडकवून ओढा. सहज सुटून आला तर तिथून हवा शिरतेय. रबर वाकडं झालं असेल तर केस वाळवायच्या मशीनच्या कोमट वाऱ्याने हळूहळू सरळ करता येतं, पण फ्रिज बंद ठेवून. बर्फ काढायला मात्र ते मशीन फ्रीझरमध्ये घालू नये. पिन काढा, दार उघडं ठेवा, आत कोमट पाण्याचं पातेलं ठेवा आणि वाट बघा. झुरळांचं औषध फ्रिजच्या आत फवारणारे लोक असतात, त्यांना काय म्हणावं!

बिघाड ओळखणं

आत दिवा लागतो का? नसेल तर आधी सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा. दिवा लागतो पण कॉम्प्रेसर गप्प असेल, तर थर्मोस्टॅट शून्यावर सरकलाय का ते पाहा. भांडं ठेवताना कोपर लागून तो फिरतो.

कॉम्प्रेसर घुमतो, काही सेकंदांत 'टक्' करून बंद पडतो, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. हा टक् आवाज ओव्हरलोडचा, म्हणजे कॉम्प्रेसर जास्त तापला की वीज तोडणाऱ्या स्विचचा. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, जमत नाही, आणि ओव्हरलोड त्याला जळण्यापासून वाचवतोय. कारणं चार: व्होल्टेज कमी, रिले खराब, कपॅसिटर खराब, किंवा कॉम्प्रेसरच जाम. व्होल्टेजची तक्रार गावाकडे फार, तिथे स्टॅबिलायझर हवाच. वीज गेली आणि लगेच आली तरी असंच होतं, कारण नळीतला दाब अजून समान झालेला नसतो. म्हणून वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबून फ्रिज लावायचा.

रिले तपासणं सोपं आहे. पिन काढून तास-अर्धा तास थांबा, कारण चालू फ्रिजमधला पीटीसी रिले शंभर अंशांच्याही वर तापलेला असतो. कॉम्प्रेसरच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढा, रिले सरळ ओढून घ्या आणि कानाशी हलवा. आत खुळखुळ वाजलं तर रिलेमधल्या पीटीसी गोळीचे तुकडे झालेत. त्याच नंबरचा रिले आणा, बसवा, झाकण पुन्हा लावा, मगच पिन घाला.

रिले काढल्यावर कॉम्प्रेसरचे तीन खांब दिसतात. साध्या कॉम्प्रेसरमध्ये मल्टिमीटरने दोन-दोन खांबांमधला रोध मोजला तर सगळ्यांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही आकडे सारखे येतात. कुठल्याही खांबाचा कॉम्प्रेसरच्या पत्र्याशी संबंध दिसला तर वाइंडिंग, म्हणजे आतल्या मोटरची तारेची गुंडाळी, बॉडीला लागलंय. अशा कॉम्प्रेसरला पुन्हा वीज देऊन बघायचं नाही. आत दाब असतो, खांब उखडून तेल आणि गॅसचा झोत तोंडावर येऊ शकतो. झाकण काढून थेट वायरी लावून "चालवून बघतो" हा प्रकार त्याचसाठी बंद.

बोर्डवाल्या फ्रिजमध्ये सगळं बंद पडलं असेल तर एकदा टॉर्च घेऊन मागे बघाच. बोर्डवर मेलेली पाल किंवा उंदराने कुरतडलेली वायर हे आपल्याकडचे खास बिघाड आहेत.

आता ज्यात लोक सर्वांत जास्त फसतात तो प्रकार. दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज. वर फ्रीझरमध्ये बर्फ होतोय, खाली मात्र दूध नासतंय. मेकॅनिक म्हणतो, गॅस कमी. थोडं थांबा. या फ्रिजमध्ये थंड करणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड. तिथली गार हवा पंखा खाली ढकलतो. कॉइलवर धरलेला बर्फ वितळवायला काही तासांनी एक हीटर आपोआप चालू होतो. तो हीटर, त्याचा सेन्सर, फ्यूज किंवा टाइमर यांतलं काहीही गेलं की बर्फ वितळत नाही, साचत जातो, कॉइलची भिंत होते आणि हवा अडते. वर थोडा गारवा राहतो, खाली काही पोचत नाही.

घरच्या घरी परीक्षा अशी: फ्रिज रिकामा करा, पिन काढा, दोन्ही दारं चोवीस तास उघडी ठेवा, खाली फडकी अंथरा. मग सुरू करा. आठवडाभर फ्रिज उत्तम चालला आणि नंतर पुन्हा तसंच झालं, तर नळीतला गॅस जागेवर आहे. दोष डिफ्रॉस्टच्या, म्हणजे बर्फ वितळवायच्या, साखळीत आहे, आणि हीटर किंवा सेन्सर बदलणं हे गॅसच्या कामापेक्षा खूपच छोटं काम. ही परीक्षा स्वतः करून मगच मेकॅनिकला बोलवा. बोलणं वेगळ्याच पातळीवर सुरू होतं.

गॅस खरंच कमी असल्याची लक्षणं निराळी. कॉम्प्रेसर अखंड चालतो, कंडेन्सर मात्र जेमतेम कोमट, आणि कॉइलवर सगळीकडे पांढरं दव धरण्याऐवजी सुरुवातीच्या थोड्याशा भागावरच धरतं. आर-६००ए ची आणखी एक खोड आहे. कॉम्प्रेसर चालू असताना कॉइलमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. तिथे भोक पडलं तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. चालू फ्रिजवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधणाऱ्याला म्हणूनच काही सापडत नाही. हवेसोबत ओलावाही जातो आणि कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो: फ्रिज तासभर गार करतो, मग थांबतो, बंद ठेवला की पुन्हा करतो. मेकॅनिक याला 'मॉइश्चर चोक' म्हणतात.

मेकॅनिकच्या पिशवीत काय आहे?

इथून पुढे रेघेच्या पलीकडे. तुमचं काम फक्त बघणं, पण डोळे उघडे ठेवून. आर-६००ए साठी आलेल्या माणसाकडे नायट्रोजनचा सिलिंडर, व्हॅक्यूम पंप आणि ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा या तीन गोष्टी नसतील, तर चहा पाजून परत पाठवा.

काम असं व्हायला हवं. खिडक्या उघड्या, शेगडी बंद. आधी नळीतला उरलेला गॅस होज लावून खिडकीबाहेर, मोकळ्या हवेत सोडायचा. मग नायट्रोजनने नळी धुवायची, कारण तेलातही गॅस मुरलेला असतो. त्यानंतर नळी कटरने कापायची. थेट टॉर्च, म्हणजे जोडकामाची गॅसची ज्योत, लावून जोड सोडवायचा नाही. अपघात नेमके याच क्षणी होतात. फ्रिजच्या अंगाशी ज्योत लावण्याऐवजी दाबून बसवायचे जोड मिळतात, ते वापरणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. आर-१३४ए असेल तर तो असा हवेत सोडायचा नसतो, मशीनने सिलिंडरमध्ये परत ओढून घ्यायचा असतो. तो पेटत नसला तरी ज्योतीत सापडला की त्याचा हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी धूर होतो, म्हणून तिथेही बंद स्वयंपाकघरात टॉर्च नको.

जोड झाल्यावर नायट्रोजनचा दाब देऊन गळती तपासायची. नायट्रोजनच, ऑक्सिजन कधीही नाही. ब्रेझिंगच्या (नळ्या तापवून जोडायच्या) सेटमधला ऑक्सिजन हाताशी असतो म्हणून तो लावणारे आहेत, पण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधलं तेल एकत्र आले की स्फोट होतो. नळी उघडली की फिल्टर नवा बसवायचाच, जुना ठेवणं म्हणजे पुढच्या चोकची सोय. मग व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओलावा काढायचा. काही जण फ्रिजच्याच कॉम्प्रेसरकडून हे काम करून घेतात. त्याने ओलावा निघत नाही आणि कॉम्प्रेसरला मात्र इजा होते. शेवटी स्टिकरवर लिहिलंय तेवढाच गॅस, काट्यावर मोजून. चाळीस ग्रॅमच्या फ्रिजमध्ये दहा ग्रॅमचा फरक म्हणजे पंचवीस टक्के. 'हाताने अंदाज येतो' हे आर-१३४ए च्या काळात थोडंफार खपून जायचं, इथे नाही.

बिलावर भोक कुठे सापडलं, ते कसं बुजवलं, कोणता गॅस किती ग्रॅम भरला, फिल्टर बदलला का, हे लिहून घ्या. लिहायला का-कू करणाऱ्याने भोक शोधलेलं नसतं.

भोक फोमच्या आत निघालं तर ती नळी बाजूला टाकून मागे नवी जाळी बसवता येते. सात-आठ वर्षांपेक्षा जुना, साधा फ्रिज असेल तर तो खर्च मी करणार नाही. नवा, मोठा, महागडा असेल तर जरूर विचारा. फ्रिज काढूनच टाकायचा ठरला तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे किंवा नव्याच्या बदल्यात दुकानदाराकडे द्या. भंगारवाल्याला दारातच कुऱ्हाडीने नळ्या तोडू देऊ नका. आणि तो जिन्याखाली किंवा गच्चीवर पडून राहणार असेल तर पिन काढून दार बिजागरीसकट उतरवून ठेवा, म्हणजे लपंडाव खेळणारं पोर आत अडकायला नको.